पाच पायऱ्या

मीटरवाले काका नोकरीत होते तेव्हा रोज सहाशेच्या वर पायऱ्या चढत. हा अंदाज नव्हे. काकांनी आयुष्यात अंदाज कशाचाच केला नाही. भाजीत मीठ किती घालायचं हेही ते चमच्यांत सांगत आणि काकू त्यांना स्वयंपाकघरातून हाकलून देत.

एकतीस वर्षं त्यांनी घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. मीटर बसवणारा आणि मीटर वाचणारा यांचं मागच्या जन्मीचं वैर असावं, असं त्यांचं पक्कं मत होतं. नाहीतर माणूस जिन्याखालच्या अडगळीत, दाराच्या मागे, न्हाणीघराच्या माळ्यावर मीटर कशाला लावेल? एका घरात तर मीटर कपाटाच्या आत होता आणि आकडा वाचायला आधी घरच्यांचे इस्त्रीचे कपडे बाजूला करावे लागत. काका ते नीट घडी करून परत ठेवत.

खांद्याला पिशवी, हातात विजेरी आणि वही. एवढ्यावर सगळं शहर त्यांना घरात घेई, आणि याचंच त्यांना आयुष्यभर नवल वाटत राहिलं. कोणी कामावर जाताना किल्ली कुंडीखाली ठेवून सांगून जाई, "काका, आकडा घ्या आणि जाताना खिडकी तेवढी लावा." एका आजीबाई महिनाभराच्या सुया साठवून ठेवत, दोरा ओवून घ्यायला. एका नवरा-बायकोने भांडण अर्धवट थांबवून त्यांना न्यायाधीश नेमलं होतं. आणि एकदा एका बाईने, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणून, झोपलेलं तान्हं मूल त्यांच्या ओटीत दिलं. "पाच मिनिटं बघा हो." ती पाच मिनिटं सव्वा तासाची झाली. काका मांडी न हलवता बसून राहिले. त्या दिवशी अकरा घरांचे आकडे राहिले आणि साहेबांची बोलणी खावी लागली.

"पण विचार कर," ते काकूंना म्हणत, "नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि पोटचं पोर हातात दिलं. असा देश आहे आपला."

असा हा माणूस. निवृत्त होऊन चौथ्या महिन्यात स्वतःच्याच घरातला दिवा बदलताना तो स्टुलावरून पडला. परक्यांच्या माळ्यांवर एकतीस वर्षं चढला आणि घरच्या दीड फुटाच्या स्टुलाने दगा दिला. पाठीच्या कण्याला मार बसला, कमरेखालचं अंग लुळं पडलं ते पडलंच. घरात चाकाची खुर्ची आली. काकांनी पहिल्या आठवड्यात तिच्या चाकाचा घेर मोजला, आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं. काकूंनी ते पुसलं नाही. त्यावरून काय ते समजावं.

आता निवृत्त माणसाला वर्षातून एकदा एक गमतीचं काम असतं. पेन्शनच्या कार्यालयात समक्ष जाऊन आपण जिवंत आहोत असं सांगायचं. दुसऱ्या कोणाला असं विचारलं तर तो अंगावर धावून येईल, पण पेन्शनवाले नीटनेटके कपडे करून, दाढी करून जातात. ते कार्यालय काकांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. इमारत बैठी, खिडकी तळमजल्यावरच, पण दाराशी पाच पायऱ्या.

पहिल्या वर्षी काकू खुर्ची ढकलत पायऱ्यांपाशी पोचल्या आणि इकडेतिकडे पाहायच्या आत माणसं जमली. फाटकाशी बसणारा फळवाला गाडी उघडी टाकून आला. रांगेत उभा असलेला एक गृहस्थ आपला नंबर सोडून आला. एका पोरसवदा मुलीने मोटारसायकल उभी केली, हेल्मेट फळांवर ठेवलं आणि बाह्या सरसावल्या. कार्यालयाचा शिपाई तर वरूनच ओरडत उतरला, "सावकाश, सावकाश, काकांना धक्का लागायला नको." चौघांनी खुर्ची उचलली, वर नेली, काम झाल्यावर परत खाली आणली, आणि वर फळवाल्याने एक संत्रं काकांच्या हातात ठेवलं. काकांचे डोळे भरून आले. घरी येईपर्यंत ते काकूंना सांगत होते, "ओळख ना पाळख, बघितलंस?"

दुसऱ्या वर्षीही हेच झालं. तेच हात, तीच लगबग. पण यंदा काकांना एकेक गोष्ट दिसत गेली. चौघं त्यांना उचलत होते आणि आपसात बोलत होते. वर पोचल्यावर शिपायाने काकूंना विचारलं, "यांना कुठे ठेवू?" खिडकीवरच्या बाईंनीही, अगदी मायेने, काकूंनाच विचारलं, "यांना सही करता येते ना?" ज्यांनी लाखो आकडे सुवाच्य अक्षरात लिहिले ते काका समोर बसले होते. आणि उतरताना पुढच्या माणसाचा हात सुटला. खुर्ची कलंडली. काकांनी फळवाल्याच्या मानेला मिठी मारली म्हणून वाचले. "काही नाही झालं, काका," सगळे म्हणाले, आणि खरंच काही झालं नव्हतं.

दोन दिवस काका वहीत पायऱ्या काढत आणि खोडत बसले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "अगं, चौघांच्या खांद्यावरून जायची पाळी माणसावर एकदाच येते. मी जिवंत आहे हे सांगायला दर वर्षी तसा जातोय."

काकूंना हसू आलं आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

काकांची दाढी करायला एक न्हावी घरी येई. देशाबद्दल त्याचं मत कायम वाईट. साबण फेसाळता फेसाळता तो रस्ते, कचेऱ्या, पुढारी, शेजारी सगळ्यांची बिनपाण्याने करी. त्या आठवड्यात तो म्हणाला, "काका, तुम्ही नेहमी आपल्या लोकांची तळी उचलता. एकदा तरी सांगा, तुमच्या हातात असतं तर या देशात काय बदललं असतं?"

"पाच पायऱ्या," काका म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच नाही रे. आपल्याकडे माणूस अडला की दहा हात धावतात. याचा मला अभिमान आहे, मरेपर्यंत राहील. पण तो ज्याला अडला, ते कोणी हलवत नाही. रोज उचलायला तयार, एकदा बांधायला नाही. हात धावले की आपलं समाधान होतं, आणि पायरी तिथेच राहते."

न्हाव्याने वस्तरा थांबवला. मग म्हणाला, "बोलू नका, कापेल."

काकांनी अर्ज लिहिला. पाच पायऱ्यांची मिळून उंची साडेबत्तीस इंच. एक इंच चढायला बारा इंच लांबी धरली तर साडेबत्तीस फुटांचा रॅम्प, मधे एक वळण. सोबत आकृती. त्यांना एकच हवं होतं: आपल्या हातांनी चाकं फिरवत त्या खिडकीपर्यंत जायचं. पुढच्या हयातीच्या दाखल्याला एक वर्ष होतं.

नकार मिळाला असता तर काका भांडले असते. पण मिळाली ती माया. साहेब स्वतः फोनवर आले. "काका, कशाला एवढा त्रास? आम्ही आहोत ना उचलायला." शिपाई घरी येऊन रुसला, "माझ्या हातून काही चुकलं का?" लेकीचा फोन आला. "बाबा, आता माणूस घरी पाठवून दाखला घेतात. तुम्ही हट्ट कशाला करता?"

"बाळा," काका म्हणाले, "मी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात स्वतः गेलो. आता सगळ्यांनी माझ्या दारात यायचं, आणि मी बसून राहायचं? ते लोक चांगले आहेत म्हणून तर सांगतोय. वाईट असते तर गप्प बसलो असतो."

लेकीने हट्टाचा विषय सोडला. मग म्हणाली, "अर्ज टाइप करून पाठवते. तुमचं अक्षर सुंदर आहे, पण साहेब लोकांना छापील लागतं."

अर्जामागून अर्ज गेले. नवव्या अर्जाला मंजुरी आली, साहेबांनी शेरा मारला, "अर्जदाराचा उत्साह पाहता काम त्वरित करावे." उत्साह म्हणजे काय, ते कार्यालयात सगळ्यांना कळलं.

गवंडी चांगला कारागीर होता. त्याने चार दिवसांत गुळगुळीत रॅम्प बांधला आणि काकांना बोलावून दाखवला. काकांनी लांबी विचारली. पंधरा फूट.

"अहो, हा रॅम्प आहे की घसरगुंडी?" काका म्हणाले. "यावर मी चढणार कसा?"

"तुम्ही कशाला चढताय?" गवंडी निरागसपणे म्हणाला. "मागून चौघं ढकलतील की."

काकांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी गवंड्याला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः हातांवर जोर देऊन शेजारच्या बाकावर सरकले, आणि म्हणाले, "चढ." गवंडी तिशीचा, दंडाने दणकट. अर्ध्यावर गेला आणि भर्रकन मागे आला. दुसऱ्यांदा गेला, परत आला. तिसऱ्यांदा त्याने न सांगता मापाची पट्टी काढली. जुनं तोडून, कुंपणाच्या कडेने वळण घेऊन त्याने साडेबत्तीस फूट पुरे केले, आणि वळणावर दम खायला सपाट जागा ठेवली. ती कल्पना त्याची स्वतःची होती. काकांनी नंतर ती न्हाव्याला तीनदा सांगितली.

दाखल्याचा दिवस आला. महिनाभर काका गल्लीतल्या चढावर सराव करत होते. तळहातांना घट्टे पडले होते. सकाळी दहाला ते फाटकातून आत आले. काकू मागे, हात मोकळे. काकांनी रॅम्पच्या तोंडाशी खुर्ची लावली, चाकांवर हात ठेवले, श्वास घेतला.

"काका आले," फळवाला म्हणाला.

आणि झालं. शिपाई धावला, फळवाला धावला, रांगेतले दोघं धावले. काका "अरे, थांबा" म्हणेपर्यंत खुर्ची हवेत होती. काकू "अहो, ऐका" म्हणत होत्या, ते लोकांना "सांभाळून" असं वाटलं. चौघांनी काकांना रॅम्पच्या शेजारून, पाचही पायऱ्यांवरून, अलगद वर नेऊन ठेवलं. कोणी टाळ्या वाजवल्या. शिपायाचा चेहरा आनंदाने फुलला होता. त्याने नव्या कोऱ्या रॅम्पकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "बघा काका, झाला की नाही तुमचा रॅम्प?"

काकांना रडावं की हसावं कळेना. खिडकी दहा हातांवर होती. बाईंनी कागद पुढे केलाही होता. सही केली की काम संपलं, सगळे खूश. एवढ्या चांगल्या माणसांचं मन मोडायचं काकांच्या जिवावर आलं.

"मला खाली जायचंय," ते म्हणाले.

"काही राहिलं का? आणून देतो ना," शिपाई म्हणाला.

"राहिलंय. माझं मलाच आणायला हवं."

त्यांनी खुर्ची वळवली आणि रॅम्पवरून, चाकं हातांनी रोखत, हळूहळू खाली गेले. खाली पोचल्यावर परत फिरले. आता सगळ्यांना समजलं. रांग मोडली, लोक रॅम्पच्या कडेला येऊन उभे राहिले.

पहिले पंधरा फूट बरे गेले. वळणावर काका थांबले; छाती धपापत होती, मानेवरून घाम ओघळत होता. शिपायाचे हात आपोआप पुढे आले. त्याने ते पाहिले, आणि मागे घेऊन पाठीशी घट्ट धरले. फळवाल्याने दोन्ही हात काखेत दाबले. काकू पायऱ्यांपाशी उभ्या होत्या. एकतीस वर्षं या माणसाचं संध्याकाळी घरी येणं त्यांनी पाहिलं होतं. आज जाणं पाहत होत्या.

एकदा चाक मागे सरकलं. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी मोठ्याने श्वास ओढला. काकांनी चाक आवळून धरलं, थांबले, पुन्हा लावलं. शेवटचे चार फूट त्यांनी हातभर हातभर काढले आणि वर आले.

शिपायाचे डोळे पाण्याने भरले होते. "काका, माझा जीव नुसता खालीवर होत होता."

"दिसत होतं मला," काका म्हणाले. त्यांना अजून बोलायला पुरता दम नव्हता. "उचलणं सोपं होतं तुम्हाला. तुम्ही उभे राहिलात. याहून मोठी मदत मला कोणी केली नाही."

मग ते चाकं फिरवत खिडकीपाशी गेले. बाईंनी कागदावरचा रकाना भरायला पेन उचललं. तिथे दर वर्षी 'समक्ष हजर' असं लिहायचं असतं. गेली दोन वर्षं त्यांनी मान वर न करता ते लिहिलं होतं. आज त्यांनी मान वर केली आणि काकूंकडे न पाहता थेट काकांना विचारलं,

"स्वतः आलात?"

"हो," काका म्हणाले, "स्वतः आलो."