वाघोबाच्या वाटेवरची रेघ

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी सदाशिव पेठेतला, त्यात सरकारी नोकर... फाइलीत नाही ते जगात नाही, असं मानणारा. तरी सांगतो. पटलं तर ठीक, नाहीतर सोडून द्या.

ऐंशीच्या दशकात खडकवासल्याच्या अलीकडे एका संशोधन केंद्रात मी भूकंपमापक सांभाळायचो. यंत्र इतकं नाजूक की शेजारून कोणी चाललं तरी कागदावरची रेघ थरथरायची. आवारातच जवळच्या वस्तीतल्या महादेव कोळ्यांच्या वाघोबाचा शेंदरी दगड होता — कुंपण आमचं, ते नंतर आलं. नवा तांदूळ आधी वाघोबाला वाहायचा, मगच वस्तीत नवा भात शिजायचा. तो मान म्हाताऱ्या हिराबाईचा, एरवीही ती रोज पाया पडायला यायची. दोन पावलं, एक काठी... तिची चाल मी रेघेवरून ओळखायचो. जाताना ती खिडकीत डोकावायची, "झाल्या का रेघा मारून, सायेब?"

मला ती फार आवडायची. तरी मीच लेखी तक्रार केली, नोंदी बिघडतात म्हणून. झालं... गेट बंद, आणि दगड हलवायचं ठरलं. सुगी उलटली तरी वस्तीत नवा भात शिजला नव्हता.

एका दुपारी मी कागदावर वाकलो होतो आणि रेघ थरथरली. दोन पावलं, एक काठी. मी बाहेर धावलो. कोणी नव्हतं. दगडापुढे पळसाच्या पानावर मूठभर तांदूळ.

"सकाळपासून कोणी आलं नाही, साहेब," वॉचमन म्हणाला.

स्कूटर काढून वस्तीवर गेलो. हिराबाई तापानं पडलेली. सून म्हणाली, "चार दिस उठल्या न्हाईत. पन आत्ताच बोलल्या, देवाला पोचलं, भात टाक."

चुलीवर नवा भात रटरटत होता. म्हातारी माझ्याकडे बघून हसली. "खिडकीत डोकावले व्हते की. तुमी कागदात मुंडी घालून. मग न्हाई हाक मारली."

मला लाज वाटली. सुनेनं वाढलं. भात दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घेतली. कारण लिहिलं — 'सदर चालीमुळे यंत्र सुरळीत असल्याची खात्री होते.' आमच्या वरच्या साहेबांनी सही केली. दगड जागेवर राहिला, हिराबाई पुढेही बरीच वर्षं येत राहिली.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. नको असलेल्या रेघेपुढे आम्ही 'व्यत्यय' लिहायचो. त्या दुपारच्या रेघेपुढे मी 'हिराबाई' लिहिलं... तो कागद अजून जपून ठेवलाय.