शुक्रवारचा खोकला

उचगावचं घर सोडलं तेव्हा बापू स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझ्या चौकटीशी झटत होते. बापू म्हणजे शेजारच्या आक्काताईचे मालक. आमच्या यहुदी लोकांच्या दाराला मेजुजा असते, म्हणजे आत प्रार्थनेचा कागद ठेवलेली बोटाएवढी नळी. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ओठांना टेकवायची. मागं घरात आपलं कुणी राहणार नसेल, तर ती काढून न्यायची अशी रीत. पण स्क्रू गंजलेला, हलेना.

"वैनी, ऱ्हाऊ द्या की हितंच. जाता-येता आमी लावतो हात."

"बापू, तसं चालत न्हाय ओ."

"तुमचं काय चालतंय ते तरी सांगा एकदा!" असं म्हणून त्यांनी एक झटका दिला आणि ती सुटली. चौकटीचा रंग तेवढ्यापुरता नवा दिसला. मी रिकाम्या घराकडं वळून म्हणाले, "येते हं." गुरुवार होता. उत्तर आलं नाही. यायचंही नव्हतं, कारण आमचे हे फक्त शुक्रवारी यायचे.

आता नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी बरळायला लागली.

आमचे हे वर्कशॉपला टर्नर होते. शुक्रवारी तिन्हीसांजेला घरी यायचे, मोरीत हातपाय धुवायचे आणि दोनदा खोकायचे. तो खोकला ऐकला की मी डोक्यावरून पदर घेऊन, डोळे झाकून शब्बाथचा, म्हणजे आमच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावायचे. माझी आई सांगायची, "शब्बाथला घर असं ठेव, की माहेरचं माणूस येणार हाय." म्हणून अंगण झाडलेलं, मनुकांचं सरबत गाळून ठेवलेलं. आठवडाभर कितीही कटकट झालेली असो, त्या दिव्यापाशी आम्ही दोघं कधी भांडलो नाही. लग्नाचं सगळं शहाणपण मला त्या दिव्यानं शिकवलं, असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या वर्षी हे गेले. मातीच्या वेळी कद्दिश म्हणायचा असतो, मेलेल्या माणसासाठी देवाची स्तुती. त्याला आमच्यातले दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. एके काळी उचगाव-कोल्हापूर भागात आमची घरं बरीच होती. आता कोण मुंबईला, कोण इस्राएलला. रुबेनकाकांनी, आमच्यात प्रार्थना येणारे तेवढेच एक उरलेत, सगळीकडं फोन केले. पुरुष भरले पाच.

बापूंच्या कानावर गेलं, "माणसं कमी पडत्यात." त्यांना काय, माणसं म्हणजे माणसं. गेले ते गडमुडशिंगीपासून लोक गोळा करून आले. वर्कशॉपचे दोघं, दूध घालणारा, बुद्धविहारातले कांबळे गुरुजी, आणखी कुणी कुणी. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, ज्याला टोपी नाही त्याला रुमाल. ओळीनं उभे राहिले. "झाली न्हवं धा? हुंद्या सुरू!"

रुबेनकाका रडवेले झाले. "बापू, उपकार हाईत तुमचं. पण ह्याला आमच्यातलीच लागतात."

"का ओ काका? आमी वजनाला कमी पडतोय व्हय?"

त्या तसल्या वेळी सुद्धा चार जण हसले. मीही हसले. पण कद्दिश झाला नाही. माती झाली, सगळे घरी आले, आणि पुढच्या शुक्रवारी मी काडी ओढली तेव्हा मोरीतून खोकला ऐकू आला. दोनदा, नेहमीसारखा.

मी भ्याले नाही. वाईट वाटलं. म्हटलं, ह्यांचा कद्दिश राहिला, म्हणून हे अडकले. कद्दिश म्हणायला आम्हाला मुलगा नाही. लेक रिव्का इकडं इस्राएलात, दिमोनाला असते. ती फोनवर म्हणाली, "आई, तू ये. वर्षाच्या दिवशी इथं दहा माणसं उभी करू." तेवढ्यासाठी मी घर सोडलं. लोक म्हणाले लेकीकडं सुखात राहायला गेली. म्हणू देत.

दिमोना म्हणजे वाळवंट, बायांनो. पंचगंगेच्या काठावरच्या बाईला इथं घसा सुद्धा ओला राहत नाही. सुपरमार्केटला जायचं, कार्ड घासायचं, "तोदा", म्हणजे आभार, म्हणायचं की झालं, ओळखपाळख नाही. पण शुक्रवारी दुपारी बसेस थांबतात, दुकानं मिटतात आणि अख्ख्या गल्लीत स्वयंपाकाचा वास सुटतो. वरच्या मजल्यावरची मोरोक्कोची बाई मला एक अक्षर समजत नसताना मासे आणून देते. मी तिला आंबोळ्या देते. उचगावात आमचं एकच घर शब्बाथ धरायचं, इथं सगळं गाव धरतं. बरं वाटायचं. फक्त दिवा लावताना मागं कुणी खोकायचं नाही.

वर्षाचा दिवस आला. आपल्या मराठी लोकांच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, नऊ पुरुष जमले. दहावा ताप येऊन झोपलेला. म्हटलं, इथंही? जावई दारात जाऊन रस्त्यावरच्यांना हाका मारायला लागले, "दहावा पाहिजे, दहावा!" ही इथली पद्धतच आहे. एक नळदुरुस्तीवाला हातातली पिशवी भिंतीशी ठेवून आत आला. कोण गेलं, कुठला, काही विचारलं नाही. खिशातून टोपी काढली, उभा राहिला, ठासून "आमेन" म्हणाला आणि कामावर गेला.

मी बायकांच्या बाजूला बसून रडले. कद्दिश झाला म्हणून रडले, आणि बापूंची ती ओळ डोळ्यांपुढं आली म्हणूनही. धर्माच्या हिशोबात एक बसला आणि दुसरे बसले नाहीत, ते मला मान्य आहे. पण अनोळखी मेलेल्यासाठी हातातलं काम टाकून उभं राहणं, ते दोन्हीकडं एकच होतं.

मग मलिदा केला, गोड पोहे, खोबरं, फळं. सगळ्यांनी पोटभर खाल्लं. वाटलं, सुटले हे. मन हलकं झालं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं पोरकंही झालं.

पुढच्या शुक्रवारी आक्काताईचा व्हिडिओ फोन आला. तिकडं दिवस मावळला होता, इथं अजून टळटळीत ऊन, शब्बाथ लागायला वेळ होता. मी तिला सगळं सांगितलं, म्हटलं, "गेले गं एकदाचे शांत होऊन."

आक्काताई म्हणाली, "वैनी, सांगू का नको... भावजी खोकत्यात की अजून. दर शुक्रवारी. मी तुमच्या उंबऱ्यात पणती ठेवते. न्हाय ठेवली तर लई येळ खोकत्यात."

"कद्दिश झाला तरी?"

"आता मला काय कळतंय त्यातलं. पर ते अडकल्यागत वाटत न्हाईत वैनी. घरी आल्यागत वाटत्यात."

मी दहा माणसं शोधत एवढ्या लांब आले, आणि हे आपले कामावरून सुटून घरीच जात होते. आता कुणी विचारलं, "घर कुठं?" तर मी दिमोना सांगते, कागदावर तेच आहे. पण ह्यांना विचारलं तर ते उचगाव सांगतील, आणि त्यांचं खोटं नाही.

"फोन जरा दाराकडं कर," मी म्हटलं. तिनं केला. पणती दिसली, काळोख दिसला.

"या भावजी," आक्काताई त्या काळोखाला म्हणाली, "वैनी फोनवर हाईत."

इथं भर उन्हात, लेकीच्या स्वयंपाकघरात, मी डोक्यावरून पदर घेतला.