देगलूरकर गाभा

आमच्या प्रयोगशाळेत संगणकांशिवाय काही नाही. तरी खंडेनवमीला डॉ. शिवराज देगलूरकर शस्त्रपूजा करतात. हळद-कुंकू, नारळ, हार, सगळं बेगम बाजारातून. पहिला मान मात्र सर्व्हरचा नाही, भिंतीवरच्या तसबिरीचा.

तसबिरीत सरांचा शोध होता. पाणी आणि अमोनियाच्या सहा रेणूंचा पुंजका आणि बरोबर मधोमध एक निळा गोळा. हा पुंजक्याला मिळालेला जादा इलेक्ट्रॉन. त्याच्यामुळेच पुंजका ऋणभारित. खाली पितळी पट्टी: ‘देगलूरकर गाभा’. पट्टी सरांनीच सुलतान बाजारात कोरून घेतली. हे नाव या भिंतीबाहेर कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही.

सरांचे पणजोबा निजामाच्या महसूल खात्यात होते. हे ते पहिल्या भेटीत सांगतात. विसरलात तर दुसऱ्याही. ‘आमच्या घराण्यात एकदा मारलेला शेरा फिरत नाही,’ हे त्याच्या जोडीला. महसुलात हे चालत असेल. सर तेच रसायनशास्त्रात चालवतात.

जादा इलेक्ट्रॉन कुठे बसतो ते प्रोग्राम शोधतो. पण त्यानं कुठवर शोधायचं, ते आधी आपण ठरवून द्यायचं असतं. हा इलेक्ट्रॉन सैल, लांबवर पसरणारा, त्यामुळे त्याला ऐसपैस जागा लागते. सरांनी दिली ती रेणूंना चिकटून, जेमतेम. हिशेब झटपट आटोपला आणि इलेक्ट्रॉन मधे सापडला. मांजर पेटीत कोंडायचं, झाकण लावायचं आणि जगाला सांगायचं, मांजराला पेटी फार आवडते!

सरांच्याच हाताखाली पीएचडी करणाऱ्या, मला एक वर्ष वरिष्ठ असलेल्या अश्विनीनं झाकण उघडलं. मोकळी जागा दिल्याबरोबर इलेक्ट्रॉन मधून उठला आणि पुंजक्याच्या एका अंगाला, बाहेर, जाऊन पसरला. ऊर्जाही खाली आली. म्हणजे त्याचं खरं ठिकाण तेच. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण यावरच उभं होतं. ते काढलं तर प्रबंधात उरतं काय? आणि सरांच्या संमतीशिवाय प्रबंध पुढे सरकत नाही.

“नक्को पोरी,” सर म्हणाले. “गाभ्याला हात लावू नको.”

“सर, ऊर्जा खाली आलीये.”

“इतकं मैदान दिल्यावर कोण बी पळंल!”

“पळाला नाही, सर. बाहेर नीट बसलाय.”

“मग तुझा प्रबंध बी बाहेरच बसंल.”

बाहेर आल्यावर मी विचारलं, “प्रकरण काढणार का?”

“काढून काय सादर करू? मुखपृष्ठ?” ती म्हणाली.

प्रबंधावर सरांची सही होण्याआधीच्या जाहीर सादरीकरणात तिनं दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली. सर छताकडे बघत होते. बाहेरून आलेल्या परीक्षक मालतीबाई, सरांच्या जुन्या सहाध्यायी, चष्मा काढून म्हणाल्या, “शिवराज, तो मधे बसला होता, की तू बसवला होतास?”

मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. सर पाणी प्यायले, अगदी सावकाश. मग उठून उभे राहिले.

“हौ, हेच तर मी हिला तपासायला सांगितलं होतं!”

पणजोबांचा शेरा एका घोटात फिरला. अश्विनीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. खाली आल्यावर मी चिडून काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाली, “प्रकरण राहिलं ना? मग घेऊ देत श्रेय. तेवढंच येतं त्यांना.”

तिला पदवी मिळाली आणि ती गेली. शोधनिबंधावर पहिलं नाव सरांचं लागलं. तसबिरीत नवं चित्र आलं. पितळी पट्टी तीच. इलेक्ट्रॉन काठावर आणि खाली लिहिलेलं ‘गाभा’.

यंदाच्या खंडेनवमीला सरांनी भक्तिभावानं डोळे मिटले, बोट कुंकवात बुडवलं आणि सवयीनं चित्राच्या बरोबर मधोमध टिळा लावला. तिथे काहीही नव्हतं. मग हार घातला. त्यातल्या एका जाडजूड झेंडूखाली इलेक्ट्रॉन पुरता झाकला गेला.

“प्रसाद घ्या रे,” सर म्हणाले.