कंधारच्या सरांचा देवमासा

आमच्या पक्षी बघणाऱ्या ग्रुपचे किस्से इतके साठलेत की मी एखादा सुरू केला, की बायको शेवटचं वाक्य आधीच सांगून मोकळी होते. म्हणून हे ताजे सांगतो, कोकणातले. ते तिला अजून पाठ झालेले नाहीत.

ग्रुप म्हणजे आम्ही सात जण, सगळे कंधारला एकाच शाळेत शिकलेले, आणि आठवे आमचे विज्ञानाचे सर. देवमासा हा मासा नाही, हे सरांनी तीस वर्षं शिकवलं. चित्र काढताना फळा संपायचा आणि शेपटी भिंतीवर जायची. पण खरा देवमासा त्यांनी कधी पाहिला नव्हता. यंदा सत्तरी झाली, गुडघे कुरकुरायला लागले. "येकदा त्याला श्वास घेताना बघायचंय," एवढंच म्हणाले. आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली आणि तिकडं तीन दिवसांची होडी.

* * *

होडीवाल्यानं पहिल्याच दिवशी आपुलकीनं विचारलं की तुमच्या नांदेडला कुठला समुद्र जवळ पडतो. अर्धापूरचा बालाजी शांतपणे म्हणाला, "समुद्र न्हाई. आमच्याकडं टँकर येतो."

* * *

याच बालाजीनं घरच्या केळ्यांचा अख्खा घड आणला होता. होडीमागं कुरव पक्षी लागले तसं त्यानं एक केळं सोलून वर फेकलं. एका कुरवानं ते हवेत झेललं आणि लगेच टाकून दिलं. अर्धापूरच्या केळ्याचा असा अपमान! बालाजीनं होडीवाल्याला दोन केळी खायला लावली, चांगली आहेत असं त्याच्याकडून वदवून घेतलं, तेव्हा कुठं तो खाली बसला.

* * *

उमरीच्या मुख्याध्यापक सुनंदाताईंना दुसऱ्या दिवशी होडी लागली. उलट्या थांबेनात, पण दुर्बीण काही खाली येईना. मी म्हटलं, ताई, जरा आडव्या व्हा.

"पोट त्याचं काम करून राहिलं," त्या म्हणाल्या, "डोळ्यांना काय झालंय?"

त्या दिवशी सगळ्यात जास्त पक्षी त्यांनीच टिपले.

* * *

दुपारी डॉल्फिन दिसले. पर्यटक डॉल्फिनवर खूश होऊन परत फिरतात, म्हणून होडीवाल्यानंही होडी वळवली. सरांनी मान हलवली. "ते दुसऱ्या धड्यात हायेत," म्हणाले, आणि होडी पुन्हा आत न्यायला लावली.

* * *

तिसरा दिवस शेवटचा. वारा वाढत होता, दहाला परत फिरायचं ठरलं होतं. पावणेदहाला उजवीकडं फस्सकन आवाज झाला आणि पाण्याचा फवारा उडाला. मागोमाग काळी पाठ वर आली, ती संपेचना.

आम्ही सातही जण उजवीकडं धावलो. होडी कलली, होडीवाला ओरडला. सर आधीपासूनच उजव्या कठड्याशी उभे होते. तीस वर्षं पोरांच्या सहली नेलेला माणूस! पोरं काहीतरी बघायला एकीकडं धावली, की सर त्या गोष्टीकडं पाठ करून डोकी मोजायचे. आताही ते समुद्राकडं पाठ करून उभे राहिले आणि आमच्या टकलांवरून, पांढऱ्या केसांवरून त्यांचं बोट फिरायला लागलं.

"सर, मागं बघा!" मी ओरडलो. ते पाचपर्यंत आले होते. तेवढ्यात बालाजी हलला, म्हणून त्यांनी पुन्हा एकपासून सुरू केलं.

शेपटी वर आली, क्षणभर थांबली आणि पाण्यात गेली.

"सात. समदे हायेत," म्हणत सरांनी बोट खाली घेतलं आणि चष्मा पुसून ते वळले. "हं, आता दाखवा. कुठंय?"