मी ‘तडस’ म्हटलं

ये बाई, अशी जवळ सरक. दारात उभं राहून बोलायची ही कोणती रीत? इतक्या दिसांनी म्हातारीची आठवण झाली, अन् तेही त्या मोबाइलात डोकं खुपसून! ठेव तो बाजूले. समज की माझ्या ओट्यावर बसली आहेस अन् मी तांदूळ निवडून राह्यली. आज जे सांगते ते मी कोणालेच सांगितलं नाई — नवऱ्याले नाई, तो होता तेव्हाही नाई. पोटच्या लेकीले नाई. देवापुढं हात जोडले तेव्हाही हे तेवढं गाळूनच जोडले.

लिहून काऊन सांगते म्हणशील? तोंडानं सांगायले बसली असती तर मध्येच हसली असती, तुले चहा विचारला असता, विषय तिसरीकडं नेला असता. ते मले फार चांगलं जमते. शाळा चौथीपर्यंतच, बाकीचं लिहिणं मेसच्या फळीवर रोजच्या भाज्या लिहिता-लिहिता सुधारलं. चुका असतील — अक्षरातल्या म्हणते मी. दुसऱ्या चुकीचंच तर हे सारं आहे.

बल्लारपूरच्या रस्त्यावर माझी मेस आहे, तू जेवली आहेस तिथी, तुले ठाऊकच आहे. कोळशाचे ट्रकवाले, ठेक्यावरचे कामगार, रेल्वेतून उतरलेले — सारे इथी जेवतात. मावशीच्या दारातून कोणी उपाशी जात नाई, असं माझं नाव. ते नाव मले फार गोड लागायचं. पण ते समोरच्या दाराचं नाव. मागं काय आहे ते कोण पाहते?

मागं खड्डा आहे. उरलेला भात, आंबलेलं वरण, अन् बुधवारी-रविवारी कोंबडीची पिसं, कातडी, आतडी, हाडं — सारं त्यात. बादली पालथी केली की माझं काम झालं. माश्या इतक्या की खड्डा काळा दिसायचा अन् हलायचा. मी नाकाले पदर लावून टाकत होती. स्वतःचीच घाण, अन् नाक दाबून!

खड्ड्याच्या पलीकडं आधी झुडपी जंगल होतं. मेलेली ढोरं तिथीच नेऊन टाकायची. तीन दिवसांनी जाऊन पाहा, शिंगाशिवाय काही नाई. ते काम गिधाडांचं, अन् गिधाडं गेली तेव्हापासून एकट्या तडसाचं. पुस्तकात त्याले तरस म्हणतात म्हणे. आमच्या जिल्ह्यात वाघ पाहायले लोक कुठून-कुठून गाड्या करून येतात. तडसासाठी कोण येते? पाठीवर उभे केस, मागून बसकं, चालते असं की जसं कोणाची माफीच मागून राह्यलं.

मग तिथी घरांच्या प्लॉटांचा ले-आऊट पडला. जेसीबी आली, मुरूम आला, झुडपी गेली. जी झाडं पाडली त्यांचीच नावं गल्ल्यांना — पळस गल्ली, मोह गल्ली. एका अंगाले ले-आऊट, दुसऱ्या अंगाले खाणीतल्या मातीचे डोंगर, मधून चौपदरी रस्ता. तडसानं जावं कुठी? जुन्या रस्त्याखाली एक मोरी होती, सिमेंटचे पाइप टाकलेली, कोरडी. ते त्यात राहायले लागलं. ढोरं टाकणं बंद झालं तर खाईल काय? पहाटे मी भट्टी पेटवायले उठली की कधी-कधी खड्ड्याशी दिसायचं. एक हाड उचलायचं अन् जायचं. माझ्या कुत्र्यांनी ते तरी कुठी सुखानं उचलू दिलं?

हो, माझी कुत्री. आधी चार-पाच होती. माझ्या खड्ड्यावर पोसली, व्याली, मी मोजायचं सोडलं. मांसाची चटक लागली त्यायले. कोणाचं बकरीचं पिल्लू धरलं, नाल्याकाठी चितळाचं पाडस फाडलं. डोमाजी भाऊ म्हणून एक म्हातारा गुराखी दुपारी माझ्याकडं जेवत होता. त्यानं मले सांगितलं होतं, “बाई, खड्डा बुजव. तुही कुत्री जंगलात शिकार करून राह्यली.”

मी काय म्हटलं माहीत आहे? “जंगल राह्यलंच कुठी भाऊ? घे, वरण घे अजून.” सारे हसले. मीही.

आता रेखाचं सांगते. नाई — थांब. मुद्दाम तिथी यायले उशीर करून राह्यली मी, कळते मले.

रेखा माझी शेजारीण, भिंतीले भिंत. मले मावशी म्हणते. तिची पहिली मुलगी वीस दिवसांची होऊन गेली. तापानं. एवढं लहान लेकरू जाळत नाई, पुरतात. गावाची पुरायची जागा अर्धी ले-आऊटात गेली होती, उरली ती नाल्याकाठची मुरमाची पट्टी. मुरमात खोल खणता येते का? वर दगड रचायचे असतात, जनावरानं उकरू नये म्हणून. दगड सारे रस्त्याच्या भरावात गेले होते. माणसं बोरीच्या चार काट्या ठेवून परत आली. मी त्यांच्या घरी भात-वरण पाठवलं. कोणी खाल्लं नाई. ते परत आलं ते मी खड्ड्यात ओतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे राख टाकायले मागं गेली. कुत्री खड्ड्याशी ओढाओढ करून राह्यली होती. त्यायच्या तोंडात दुपट्याचा तुकडा होता. पिवळा, हिरव्या काठाचा. ते दुपटं मीच शिवलं होतं, रेखाच्या बाळंतपणासाठी.

मी काय केलं? ओरडली? रेखाच्या नवऱ्याले उठवलं? नाई. कुत्र्यायले दगड मारून हाकललं, तो तुकडा चिमट्यानं उचलला — हातानं नाई, चिमट्यानं, मले किळस आली! — अन् भट्टीत घातला. त्याच भट्टीवर मग भात चढवला.

सात वाजता नाल्यावर गर्दी झाली. कोणीतरी म्हटलं, “मावशी, तू तं पहाटंच उठते. काई पायलं का?”

अन् माझ्या तोंडून निघालं — “तडस.”

एक शब्द. कोणी जबरदस्ती केली नाई. मले वाटलं, कुत्री म्हटलं तर कोणाची म्हणतील, खड्डा कोणाचा म्हणतील, मग मावशीच्या हातचं कोण जेवेल? एवढंच वाटलं. एवढ्यासाठी.

डोमाजी भाऊ जमिनीवर उकिडवा बसून माग पाहत होता. म्हणाला, “तडसाचा पुढचा पाय मोठा रायते, मागचा लहान. हे समदे सारखे. अन् दहा-बारा जनावरं फिरली इथी. तडस काय वरात घेऊन येते?” मग मान वर करून त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याले सारं कळलं होतं बाई. त्यानं नाव घेतलं नाई माझं. मले वाचवूनच तो बोलत होता. अन् मी?

“सकाळीच लावून आला का भाऊ?” मी म्हटलं. “जिच्या घरचं खाते तिलेच खोटी पाडते?”

लोक हसले. लेकराच्या उकरलेल्या मातीपाशी उभं राहून हसले. डोमाजी दारूच्या थेंबाले शिवत नव्हता, साऱ्या गावाले माहीत होतं, तरी हसले. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा झटकला, डोक्याले बांधला अन् गेला. पुन्हा माझ्याकडं जेवला नाई. दोन वर्षं गुरं घेऊन समोरून जायचा, मी “भाऊ, जेवून जा” म्हणायची, तो गुरायले हाका मारायचा. मग मेला. मयतीले मी गेली. रडली पण. पाहा कशी बाई मी.

त्याच दिवशी लोकांनी मोरीच्या दोन्ही तोंडांना भाताचं तणस कोंबलं अन् पेटवलं. मिरची मी दिली. मागितली नव्हती कोणी. मेसमधलं वाळल्या मिरचीचं अर्धं पोतं मी स्वतः उचलून नेलं, “नुसत्या धुरानं नाई मरत” असं सांगत. आतून पहिले आवाज आला. मग नाई आला.

ओढून काढली तर मादी होती. सोबत दोन पिल्लं, डोक्यापेक्षा कान मोठे. एकानं पिल्लू शेपटीनं उचलून फोटो काढला. कोणी थुंकलं तिच्यावर. रेखानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं अन् म्हणाली, “मावशी, तू होती म्हून कळलं.” मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मिरचीनं हुळहुळणारा हात. जंगलवाले चौकशीले आले, त्यायलेही मी तेच सांगितलं, वर चहा पाजला.

आता बैल मेला तर फुगून फुटेपर्यंत पडून राहते. वास ले-आऊटात जाते, ते खिडक्या लावतात अन् गावाले शिव्या देतात. कुत्री मोटारसायकलीमागं धावतात. मीही चारचौघींत नाक दाबून म्हणते, “कोणाची आहेत बाई ही मेली कुत्री?”

रेखाले दुसरी मुलगी झाली. सहा वर्षांची आहे, दुपारची माझ्याकडंच जेवते. जेवत नसली की रेखा भिववते, “तडस येईल बरं! आजीनं डोळ्यानं पायला आहे.” मग ती पोर डोळे मोठे करून विचारते, “आजी, कसा दिसते तडस?” अन् मी सांगते. दात विचकून, नख्या करून सांगते. ती भिते अन् घास गिळते. त्या वेळी माझ्या तोंडाले जी चव येते, ती कशाची म्हणून सांगू?

परवा लोक पुन्हा आले. ले-आऊटाच्या दुसऱ्या भागाचं काम चालू झालं, नव्या मोरीत काहीतरी राहते म्हणतात. “मावशी, तू ओळखते. चाल, पाहून सांग.” तणस आणून ठेवलं आहे त्यांनी. म्हणजे माझ्या तोंडून पुन्हा तोच शब्द हवा आहे, अन् माझं तोंड त्याले सरावलेलं आहे. मी म्हटलं, गुडघे दुखतात, उद्या येते. मग हे लिहायले बसली.

तुले मोबाइलवर या कागदांचे फोटो धाडते, अन् उद्या मोरीवर जायच्या आधी हेच कागद रेखाच्या हातात देईन. तिले वाचता येते. मी समोर उभी राहीन, बसणार नाई. ती काय करेल मले माहीत नाई, अन् तिनं काय करावं हे मी मनातही ठरवलं नाई — तेवढा तरी हक्क तिचा. मग मोरीवर जाऊन चारचौघांत डोमाजीचं नाव घेऊन बोलीन — तो खरा होता, खोटी मी. गुडघे दुखत नाईत माझे.

तू ये, बाई. लवकर ये. मेस चालू असेल की नाई, सांगता येत नाई. पण समोरच्या दारानं येऊ नको. मागून ये, खड्ड्याकडून. नाकाले पदर लावू नको. आधी तो नीट पाहा, मग माझ्याकडं जेवायचं की नाई ते ठरव.