अप्पांनी बसवलेला शेवटचा चेन सेट

अप्पांना मी आयुष्यात एकदाच फसवलं, आणि पाच मिनिटांत पकडले गेले.

आज सकाळी अप्पा गेले. माझे वडील. सूतगिरणीतले रिटायर्ड फिटर, सोलापुरातल्या आमच्या आख्ख्या गल्लीचे फुकटचे मेकॅनिक.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, मोटरसायकल बंद करा.
अप्पा ऐकतायत होय!

आई चिडली, तेव्हा त्यांनी पैजच लावली.
"चेन सेट बदलायला झालाय. माज्या हातानं घरीच बसवतो. जमलं तर गाडी चालवणार. एक जरी चूक झाली तर किल्ली सोडली. शब्द हाय."

रविवारी अंगणात गाडी डबल स्टँडवर. मला ताकीद, "नुसतं बघायचं. हात लावायचा न्हाय."

जुनी चेन उतरली. पुढचं लहान चक्र, मागचं मोठं, दोन्ही नवीन बसली. एकेका नटाला दहा-दहा मिनिटं. पाना हिसकावून घ्यावा असं शंभरदा वाटलं मला.

शेवटी राहिलं चेनची दोन टोकं जोडणारं लॉक. त्याची इवलीशी पत्ती असते. तिचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला पाहिजे, नाहीतर रस्त्यात निसटू शकते. हे मी सातवीत असताना अप्पांनीच शिकवलेलं.

अप्पांनी ती उलटी बसवली.

मी बघितलं आणि गप्प बसले. इतके खूश होते हो ते! बोलले असते तर त्यांची गाडी गेली असती. माझ्यानं नाही झालं ते.

ते हात धुवायला आत गेले. मी पटकन पक्कड घेतली, पत्ती काढली, सरळ बसवली.

तेवढ्यात अप्पा साबणाच्या हातांनी पळत बाहेर.
"थांब गं, लॉक उलटं बसवलंय मी!"

वाकून बघितलं. लॉक सरळ.

"तू केलंस व्हय?"
"नाही की. तुम्ही नीटच बसवलेलं."
"खोटं बोलतीस ते बोलतीस, पक्कड तरी खाली ठेव की."

मी तिथंच रडायला लागले.

आईनं आतून विचारलं, "जमलं का हो?"
अप्पा म्हणाले, "लेकीला जमलं."

आणि किल्ली माझ्या हातात दिली. "चल. तू चालव, मी मागं बसतो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही फिरायला. त्यांचा थरथरता हात माझ्या खांद्यावर, आणि तोंड चालूच. "गेर बदल की! किती वरडायला लावतीस गाडीला!" लई राग यायचा मला.

आज दवाखान्यातून कागदपत्रं न्यायला घरी एकटीच आले, त्याच गाडीवर. गल्लीच्या स्पीडब्रेकरला सवयीनं तोंडातून गेलं,
"अप्पा, धरा."

भरल्या डोळ्यांनी निरोप देते.
सावकाश जा, अप्पा.