शॉकअप बदलल्यानंतरचे रविवार

माझी दोन सीटची स्पोर्ट्स कार महिन्यातून एका रविवारी ट्रॅकवर पळते. बाकीच्या रविवारी मी तिच्यातून आईला अंबाजोगाईहून परळीला दर्शनाला नेतो. ट्रॅकच्या वळणांवर गाडी फार कलायची आणि माझं डोकं फिरायचं. पुण्याच्या गॅरेजवाल्यानं स्पष्ट सांगितलं होतं, "ट्रॅकचं कडक सस्पेन्शन टाकलं तर रस्त्यावर हाल होतील. दोन्ही जमायचं नाही." मी म्हणालो, "कडकच टाका."

नवे शॉकअप बसवून गाडी घरी आणली, तेव्हा आईनं चारी चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी हलली आणि एकेक लिंबू फुटलेलं मला सीटवर बसून कळलं. मी भलताच खूश झालो. मला रस्ता असाच कळायला हवा होता.

वडील गेल्यापासून आई घरात फारसं बोलत नाही. गाडीत बसली की मात्र परळी येईपर्यंत तिच्या तोंडाला खळ नसायचा. पण त्या रविवारी ती गप्प होती, आणि पुढच्याही. ओठ घट्ट मिटलेले, हात मांडीवर. माझं काही चुकलं का? तिला ट्रॅकची धास्ती वाटते का? विचारलं की नुसती मान हलवायची. शेवटी एकदा घाट उतरल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि जवळजवळ ओरडलोच, "आई, कावून गप बसतीस तू?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"बोलाय गेलं की जीब चावती रे. चल तू, उशीर व्हईल."